खोली घेण्याआधी तिथी बघा

वडगाव निंबाळकरच्या माणसाला पाण्याची पाळी शिकवावी लागत नाही. नीरा डाव्या कालव्याला पाणी कधी सुटणार, आपल्या चारीला ते कोणत्या रात्री येणार, यावर इथला ऊस उभा असतो. पण घरच्यांना चार दिवस समुद्रकाठी निवांत न्यायचं ठरलं, की हाच माणूस मोबाइलवर हॉटेलातल्या पोहण्याच्या निळ्या तलावाचे फोटो बघून महागडी खोली ठरवून टाकतो. पाळी समुद्रालाही असते, आणि ती घरातल्या दिनदर्शिकेत सापडते.

कोकणातल्या कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. तिथून सहा तासांनी ओहोटी पूर्ण. गोव्याकडे तासाभराचा फरक धरावा. लक्ष्मीपूजनाची अमावास्या म्हणजे पंधरा, भरती सव्वाअकराला. भाऊबीजेच्या द्वितीयेला ती दुपारी दीडच्या सुमारास येते, म्हणजे ऐन उन्हात, आणि सूर्यास्ताला पाणी मागे सरत असतं. अष्टमीला मात्र सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास भरती पूर्ण! शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि ओहोटीचं पाणी जोरात ओढतं. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. लहान मुलं बरोबर असतील तर पाडव्याला धावत सुटण्यापेक्षा आठवडाभर थांबून निघणं कितीतरी बरं.

किनारा निवडतानाही हेच गणित कामाला येतं. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. म्हणून तर ओहोटीत अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. गोव्यात हा फरक साधारण दोन मीटरचा, त्यामुळे पाणी फार लांब जात नाही. गॅलरीत बसून दिवसभर लाटा ऐकायच्या असतील तर दक्षिणेकडे सरकावं.

‘अगदी समुद्राला लागून’ या शब्दांना कायद्याचीही एक बाजू आहे. गोव्यात सिकेरीला पोर्तुगीजांच्या आग्वाद किल्ल्याच्या तटापाशी ताजचं हॉटेल 1974 साली उघडलं. 1983 च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुलातले सरकारप्रमुख विश्रांतीला आले ते याच परिसरात, आणि गोव्याच्या आलिशान पर्यटनाची जगभर ओळख झाली. पुढे 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने गावांच्या मोकळ्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई केली. काही ठिकाणी ही मर्यादा 2019 मध्ये सैल झाली, तरी मधल्या काळातली बरीच हॉटेलं माडांच्या मागे आहेत. ते चांगलंच झालं. वाळू मोकळी राहिली. फक्त खोली घेताना ‘समुद्र दिसतो’ आणि ‘समुद्रासमोर आहे’ यांतला फरक फोनवर स्पष्ट विचारून घ्यावा. पहिल्यात खिडकीच्या कोपऱ्यातून दिसणारी निळी चिरीसुद्धा बसते.

भाड्याचाही एक उंबरठा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के, त्यावर गेलं की 18 टक्के. म्हणजे 7,500 च्या खोलीवर कर 375 रुपये आणि 8,000 च्या खोलीवर 1,440. पाचशेच्या फरकापायी दीड हजारांहून जास्त जातात, एका रात्रीत.

पावसाळी सवलत ऐकून मोह होतो. जून ते ऑगस्ट खोल्या स्वस्त मिळतात, माडांवर कोसळणारा पाऊस बघावा असाच असतो. पण समुद्र खवळलेला, होड्या बंद. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी, त्यामुळे ताटातला ताजा सुरमईचा तुकडाही दुर्मीळ. पोहण्याची हौस असेल त्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरावा. गोव्याच्या मुख्य किनाऱ्यांवर 2008 पासून प्रशिक्षित जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे उतरायचं, नुसता लाल दिसला की काठावरच थांबायचं.

आणि गोव्यापर्यंत जायचं नसेल, तर वडगावहून नीरा, लोणंद, सातारा, कराड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि पुढे गुहागर. तिथे पंचतारांकित थाट नाही. सुरूच्या बनापलीकडे लांबलचक सरळ किनारा आहे, आणि अष्टमीच्या संध्याकाळी पाणी भरतीला आलेलं असतं.