मागितलेलं आणि न मिळालेलं

  श्रीरामपूरच्या एका भगिनींचं पत्र आलं आणि मी पुन्हा पंडिता रमाबाईंच्या केडगावला जाऊन बसलो.

त्या विचारतात, ‘पंडिता रमाबाईंनी गुडघे टेकले की दारात धान्याची पोती यायची, असं उपदेशात लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या घरी मुलाच्या नोकरीसाठी किती वर्षं प्रार्थना चालली आहे. काही होत नाही. आमचाच विश्वास तोकडा का?’

हा प्रश्न मनात असलेली माणसं मंडळीत पुष्कळ, तोंडाने विचारणारी थोडी. दोष या बाईंचा नाही, उपदेश करणाऱ्यांचा आहे. आम्ही रमाबाईंचं मिळालेलं तेवढं सांगतो, न मिळालेलं गाळतो.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब तीर्थयात्रा करत हिंडायचं, पुराणं सांगायचं. दुष्काळ आला तेव्हा होतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेलं. उपास झाले, प्रदक्षिणा झाल्या. देव काही पाठवील म्हणून वाट पाहिली. 1874 साली काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आईच्या शेवटच्या दिवसांतली गोष्ट रमाबाईंनीच लिहून ठेवली आहे. आईला काहीतरी खायला मिळावं म्हणून ही मुलगी शेजारच्या घरी गेली. समोर बाई उभी, पण शास्त्र्याच्या लेकीची जीभ रेटेना. मागायची सवयच नव्हती. अखेर बाजरीची भाकरी मिळाली, ती घेऊन ती परत आली. आईच्या अंगात ती खाण्याइतकं त्राण उरलं नव्हतं.

ज्या मुलीने देवाची वाट पाहता पाहता आई-बाप उपाशी मेलेले पाहिले, तीच पुढे शेकडो मुली पदरात घेऊन ‘प्रभू पुरवील’ म्हणते. मला वर्षानुवर्षं या गोष्टीचं कुतूहल आहे. पोत्यांच्या गोष्टीपेक्षा हे नवल मोठं.

मधल्या वर्षांत तरी मनासारखं काय झालं? 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली की या देशाला बायका डॉक्टर हव्यात. त्याच वर्षी पती बिपिन बिहारी गेले, कडेवर वर्षाची मनोरमा. पुढच्या वर्षी स्वतः डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचं दार बंद झालं ते कायमचं. त्याच वर्षी वाँटेजला बाप्तिस्मा झाला, पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे पुढे त्यांनीच कबूल केलं. तो सापडायला आणखी आठ वर्षं लागली. आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या पाण्यातून माणूस पूर्ण विश्वासू होऊनच बाहेर येतो, असं धरून चालतात!

1893 साली पुण्यात त्यांच्या मुलींच्या शाळेवर, शारदा सदनावर, धर्मांतराच्या आरोपाचं वादळ आलं, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकर बाहेर पडले. सदनाला अमेरिकेतून येणाऱ्या मदतीची हमी दहा वर्षांचीच, म्हणून केडगावला जमीन घेतली. बेत काय, तर फळबाग लावायची आणि उत्पन्नावर सदन चालवायचं. 1896 च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहून त्यांना आपली जुनी उपासमार आठवली आणि त्या मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, या मुलींना शहरात ठेवायला मनाई. मग केडगावच्या माळावर तंबू पडले. केडगावची ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली ती अशी, पुण्यात जागा नाकारली म्हणून.

आणि तिथे नुसती प्रार्थना नव्हती हो. विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, तेलघाणा चालवला, छापखाना घातला. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ दोन हजार तोंडं होती. सकाळी प्रार्थना करून बाई दिवसभर हिशेबाला आणि कामाला. वडिलांच्या वाट पाहण्यात आणि लेकीच्या वाट पाहण्यात मला फरक दिसतो तो इथे.

आता जे उपदेशात कधीच येत नाही ते. शेवटच्या आजारात, स्वतः केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची मुद्रितं तपासायला रमाबाईंनी दहा दिवस मागितले आणि ते मिळाले, ही गोष्ट संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असते. पण जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. चाळिशीची लेक, मुक्तीची सगळी भिस्त तिच्यावर. तिच्यासाठी त्या माळावर प्रार्थना झाली नसेल? जिच्या हाकेला पोती आली म्हणतात, तिच्या लेकीचा जीव काही वाचला नाही. आई पुन्हा मुद्रितांकडे वळली आणि 5 एप्रिल 1922 रोजी स्वतः गेली. मुक्तीच्या छापखान्यातलं ते बायबल 1924 साली पुरं झालं, त्यांनी ते पाहिलं नाही.

म्हणून, बाई, तुमचा विश्वास तोकडा असल्याचं जो कोणी सांगेल त्याचं मुळीच ऐकू नका. पौलाने तीनदा मागूनही त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही, आणि पौलाला अल्पविश्वासी म्हणायची कुणाची छाती नाही. मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थना चालू ठेवा आणि त्याला अर्जही करत राहू द्या.

 ज्यांच्या घरी रमाबाईंनी लिहिलेली आपल्या विश्वासाची साक्ष आहे त्यांनी सुरुवातीची दुष्काळाची पानं वाचून काढावीत. ती उलटून थेट बाप्तिस्म्यापाशी जायची आपल्याला खोड आहे.