लाल रंगापलीकडचं कोरियन जेवण

कोरियन मालिकांनी आपल्याकडे आधी गाणी आणली, मग भाषेचे वर्ग, आणि आता थेट स्वयंपाकघरात शिरकाव केला आहे. किराणा दुकानांत गोचुजांगचे, म्हणजे आंबवलेल्या मिरचीच्या लगद्याचे, लाल डबे दिसतात आणि कॉलेजची मुलं डोळ्यांत पाणी येईपर्यंत ‘बुलदाक’ नूडल्स खाण्याच्या पैजा लावतात. पण ओळख पडद्यावरून आणि पाकिटावरून झाली की समजांबरोबर गैरसमजही येतात. त्यातले काही नेहमीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती.

गैरसमज 1 : कोरियन जेवण मुळातच जाळ तिखट असतं.

वस्तुस्थिती : मिरची कोरियाची नाही, तशी ती आपलीही नाही. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांनी सोळाव्या शतकात ती गोव्यात उतरवली आणि त्याच शतकात ती पूर्व आशियातही पोहोचली. कोरियात ती आली ती बहुधा जपानमार्गे. ‘जिबोंग युसोल’ या 1614च्या ग्रंथात तिचा उल्लेख आहे, तोही जपानकडून आलेली वनस्पती म्हणून. किमचीत मिरची घातल्याची नोंद मिळते ती 1766च्या ग्रंथात. म्हणजे त्याआधी शेकडो वर्षं कोरियन माणूस पांढरी, पाणीदार किमची खात होता. तशी किमची आजही होते. मुळ्याची थंडगार ‘दोंगचिमी’ आणि बिनमिरचीची ‘बेक-किमची’ ही तिची उदाहरणं.

झणझणीत लाल तोकबोक्कीचंही तसंच. तांदळाच्या वड्यांचा हा पदार्थ राजवाड्यात सोया सॉस आणि मांसासोबत परतला जायचा. गोचुजांगमधला लाल प्रकार सोलच्या सिंदांग-दोंग भागात 1953च्या सुमारास, कोरियन युद्ध थांबता थांबता, रस्त्यावर विकला जाऊ लागला. बुलदाक नूडल्स तर 2012 सालचे. त्यावरून कोरियन जेवणाचा तिखटपणा ठरवणं बरोबर नाही.

गैरसमज 2 : किमची म्हणजे कोबीचं लोणचं.

वस्तुस्थिती : आपलं लोणचं पानाच्या डाव्या बाजूला चिमूटभर वाढायचं. त्यात तेल असतं आणि ते वर्षभर पुरवायचं असतं. किमचीत तेल नाही आणि मुळात व्हिनेगरही नाही. मिठात मुरवलेल्या भाजीत जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यातून ती आंबते. ती भाजीसारखी भरपूर खातात. फार आंबली की तिचा रस्सा करतात, भातात परततात किंवा पिठात कालवून तव्यावर धिरडी घालतात.

कोबीची मक्तेदारीही अलीकडची. मुळा, काकडी, मोहरीचा पाला, कांद्याची पात अशा कशाचीही किमची होते. घट्ट गड्ड्याचा लांबट कोबी तिच्यात सर्रास आला तो गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत. त्याचं चांगलं बियाणं देशातच तयार करण्याचं मोठं श्रेय वू जांग-चुन या वनस्पतिशास्त्रज्ञाला जातं. टोकियोत जन्मलेले वू 1950 साली कोरियात आले आणि कोबी-मुळ्याच्या सुधारित वाणांवर अखेरपर्यंत काम करत राहिले. आपल्या फोडणीतली मोहरी दोन वेगळ्या जातींच्या संकरातून आली, हे उलगडणारा 1935चा सिद्धान्तही त्यांचाच.

गैरसमज 3 : कोरियन माणूस रोज शेगडीवर मांस भाजून खातो.

वस्तुस्थिती : घरातलं रोजचं ताट म्हणजे भात, एक रस्सा किंवा सूप, किमची आणि दोन-चार छोट्या वाट्या. त्यांत उकडून तिळाच्या तेलात कालवलेल्या पालेभाज्या, मोड आलेलं सोयाबीन, टोफू, सुकी मासळी असं काहीबाही. कोरियाच्या जुन्या जोसोन राजवटीत बैल नांगराला लागत, म्हणून गाय-बैल कापण्यावर वारंवार बंदी येई. मालिकांत दिसणारी डुकराच्या मांसाची ‘सामग्योपसाल’ मेजवानी घराघरांत रुळली ती 1970-80च्या दशकांत, हातात पैसा आल्यावर.

कुत्र्याच्या मांसाविषयीही थोडं. ते बहुसंख्य कोरियन लोकांचं रोजचं अन्न नाही. दक्षिण कोरियाच्या संसदेने जानेवारी 2024मध्ये त्यासाठीचं पालन, कत्तल आणि विक्री यांवर बंदी घालणारा कायदा केला असून शिक्षेच्या तरतुदी 2027पासून लागू होतात.

गैरसमज 4 : किमची भाजीची, म्हणजे शाकाहारी.

वस्तुस्थिती : इथे शाकाहारी मंडळींची हमखास फसगत होते. नेहमीच्या किमचीत खारवलेली कोलंबी किंवा बोंबलाएवढ्याही नसलेल्या बारक्या अँकोव्ही माशांचा खारा अर्क असतो. साध्या भाजीच्या रश्शाचं पाणीही बरेचदा सुक्या माशांत उकळलेलं असतं. म्हणून बाटलीवरची यादी वाचावी आणि हॉटेलात स्पष्ट विचारावं.

मात्र कोरियात पक्की शाकाहारी परंपराही आहे. बौद्ध मठांत मांस-मासे तर नाहीतच, शिवाय लसूण, कांदा आणि त्यांच्या कुळातल्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य. तिथली किमची सोया सॉस, आलं, फळांचा रस यांवर चव धरते. बेगयांगसा मठाच्या भिक्षुणी जोंग क्वान यांचा स्वयंपाक 2017मध्ये ‘शेफ्स टेबल’ या मालिकेतून जगाने पाहिला.

गैरसमज 5 : एवढासा देश, सगळीकडे चव एकच.

वस्तुस्थिती : उत्तरेला कडाक्याची थंडी. तिथे भाजी लवकर नासत नाही, म्हणून किमचीत मीठ-मिरची कमी आणि पाणी जास्त. दक्षिणेच्या जोल्ला प्रांतात हवा उबदार, म्हणून मीठ, मिरची आणि खारवलेली मासळी यांचा हात सढळ. सुपीक भातशेतीमुळे इथली ताटंही भरगच्च. याच प्रांतातल्या जोंजू शहराला युनेस्कोने 2012मध्ये खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला. डोंगराळ गांगवॉनमध्ये बटाटा आणि बकव्हीट. जेजू बेटावर ज्वालामुखीच्या मातीत पाणी ठरत नाही, त्यामुळे तिथे भाताऐवजी बार्ली आणि भरड धान्यं, आणि सोबत ‘हेन्यो’ पाणबुड्या बायकांनी समुद्रतळातून काढलेले शंख-शिंपले.

गार शेवयांच्या ‘नेंगम्योन’मध्ये हा सगळा भूगोल सापडतो. प्याँगयांगमध्ये बकव्हीटच्या शेवया, सौम्य गार सूप, आणि खाण्याचा मूळ हंगाम हिवाळा. हामहुंगमध्ये बटाट्याच्या सत्त्वाच्या चिवट शेवया, वर तिखट कालवलेली कच्ची मासळी. 1950च्या युद्धात उत्तरेचे निर्वासित बुसानला पोहोचले तेव्हा बकव्हीट मिळेना. मदत म्हणून आलेला गव्हाचा मैदा मात्र होता. त्यातून ‘मिलम्योन’ जन्मल्या, आणि आज त्या बुसानची शान आहेत. 2018च्या दोन्ही कोरियांच्या शिखर बैठकीत उत्तरेचे नेते किम जोंग-उन यांनी प्याँगयांगच्या शेवया सोबत आणल्या, तेव्हा त्याच दुपारी सोलमधल्या अशा शेवयांच्या हॉटेलांसमोर रांगा लागल्या.

गैरसमज 6 : परदेशातलं कोरियन जेवण म्हणजे भेसळ.

वस्तुस्थिती : 1937 साली स्टालिनच्या राजवटीने सोव्हिएत अतिपूर्वेकडच्या सुमारे 1 लाख 72 हजार कोरियनांना मालगाड्यांत कोंबून कझाकस्तान-उझबेकिस्तानच्या माळावर नेऊन सोडलं. तिथे किमचीचा कोबी मिळेना, पण गाजर मुबलक होतं. गाजराचे लांब, बारीक काप, लसूण, व्हिनेगर, धणे आणि वरून कडकडीत तेल. या ‘मोर्कोव्हचा’शिवाय आज मॉस्को ते ताश्कंदच्या बाजारातला सॅलडचा ठेला पुरा होत नाही. सोलमध्ये मात्र बहुतेकांनी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं.

जपानमध्ये कोरियन वस्त्यांनी मांस भाजण्याच्या ‘याकिनिकू’ला आकार दिला. मोरिओका शहरात हामहुंगहून आलेल्या एका माणसाने 1954मध्ये उघडलेल्या खानावळीतून तिथल्या प्रसिद्ध ‘रेईमेन’ या गार शेवया निघाल्या. त्यांवर कलिंगडाची फोड घालतात. चीनच्या यानब्यान भागातल्या कोरियनांनी जिरं लावून भाजलेल्या मेंढीच्या सळ्या सोलला नेल्या. लॉस एंजेलिसमध्ये रॉय चोई यांनी 2008मध्ये कोरियन पद्धतीचं मांस मेक्सिकन टाकोत भरून ट्रकवरून विकलं.

यांना भेसळ म्हणायचं, तर मायदेशातल्या लाडक्या पदार्थांचं काय करायचं? जाजांगम्योन या शेवया इंचॉनमध्ये आलेल्या शांदोंगच्या चिनी स्थलांतरितांच्या. उइजोंगबूची ‘बुदे-जिगे’ ही रश्शाची भाजी अमेरिकी लष्करी तळांवरून बाहेर पडलेल्या डबाबंद मांसातून आणि सॉसेजमधून शिजलेली. खुद्द लाल किमचीतली मिरचीही परदेशीच. जे हाताशी आलं ते आंबवून, कालवून आपलं करायचं, हीच या स्वयंपाकाची जुनी रीत, आणि गाजराच्या मोर्कोव्हचाने तीच पाळली. मध्य आशियातून परतलेल्या कोरियनांच्या आन्सान आणि ग्वांगजूतल्या वस्त्यांत ती आता दुकानांत मिळते.