भुईतली ऊब, नळीतला द्रव

पौषातल्या पहाटे विहिरीतून शेंदलेल्या पाण्याला वाफा येतात आणि वैशाखात तेच पाणी गार लागते. पाणी तेच असते. बदलते ती वरची हवा. जमिनीच्या पोटात काही मीटर खाली तापमान वर्षभर जवळजवळ सारखेच राहते. आपल्या आजोबांना ठाऊक असलेल्या याच गोष्टीवर स्वीडनमध्ये, कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात असंख्य घरे हिवाळ्यात उबदार राहतात. अंगणात प्लास्टिकच्या नळ्या पुरायच्या, त्यांतून द्रव खेळवायचा. तो जमिनीतली ऊब घेऊन येतो आणि पंप ती घरात सोडतो. धूर नाही, कोळसा नाही. मात्र नुसते पाणी तिकडच्या थंडीत गोठेल, म्हणून त्यात ते गोठू न देणारे द्रव्य मिसळतात. तेच अँटिफ्रीझ.

मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या भाचीला गेल्या हिवाळ्यात याच द्रव्याने घोर लावला. पंपाखाली चिकट ओल, दाबाचा काटा खाली आलेला आणि घरात रांगते मूल. "मामा, हे विष असतं का?" तिने फोनवर विचारले. मी डॉक्टर नव्हे. पण बँकेतल्या नोकरीने आधी कागद पाहायची सवय लावली आहे. मी उलट विचारले, "नळीत काय भरलंय, त्याचं नाव काय?" ते तिला कुणी सांगितलेच नव्हते.

आणि सारे काही त्या नावात आहे. प्रॉपिलिन ग्लायकॉल असेल तर फार घाबरायचे कारण नाही. ते औषधांत आणि खाद्यपदार्थांतही वापरतात. एथिलिन ग्लायकॉल मात्र चवीला गोड आणि पोटात गेल्यावर घातक. यकृतात त्याची आम्ले बनतात, मूत्रपिंडात ऑक्झॅलेटचे खडे साचतात. सुरुवातीला माणूस नुसता झिंगल्यासारखा दिसतो आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडू लागतात. काही ठिकाणी मिथेनॉल भरतात. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या दारूतले विष तेच.

या घराण्यातला आणखी एक भाऊबंद, डायएथिलिन ग्लायकॉल, या नळ्यांत भरत नाहीत. पण आपण त्याला विसरू नये. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तो ग्लिसरीनच्या नावाखाली आला आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची लक्तरे वेशीवर टांगली. तरीही २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून तोच लहान मुलांच्या पोटात गेला. त्यांतल्या कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. बाटलीवर एक नाव आणि आत दुसरेच!

नळीच्या गळतीचा धोका मात्र नीट मापून पाहावा. एथिलिन ग्लायकॉलची वाफ घरातल्या तापमानाला फारशी होत नाही आणि कातडीतूनही ते थोडेच शिरते. खरा धोका पोटात जाण्याचा. गोड चवीचे थारोळे रांगते मूल चाटते, कुत्री-मांजरे चाटतात. मातीत सांडलेले ग्लायकॉल जिवाणू बहुधा काही दिवसांत ते काही आठवड्यांत संपवतात. पण जवळच पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर पाणी तपासून घ्यावे. दाब वारंवार उतरत असेल तर पुनःपुन्हा द्रव भरत बसू नये, गळती शोधावी. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि डब्यावरचे नाव सोबत न्यावे. वेळेवर मिळाला तर यावर उतारा आहे.

भाचीने बसवणाऱ्याकडून लेखी उत्तर मागवले. प्रॉपिलिन निघाले. गळका सांधा बदलला आणि आता पंपावर द्रवाच्या नावाची चिठ्ठी आहे.

परदेशी मुलाबाळांना आपण फोनवर "जेवलास का, स्वेटर घातलास का" विचारतोच. त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालायला हरकत नाही. भुईची ऊब निर्मळच आहे. पण ती घरात आणतो माणूस, आणि माणसाने भरलेल्या प्रत्येक डब्याचे नाव विचारणे हा संशयीपणा नव्हे, ती घरातल्यांची काळजी आहे.