रुहनूचं लाकडी चर्च

लाकडी भिंत समजून घ्यायची तर कोपऱ्यात उभं राहावं. रुहनू बेटावरच्या संत मॅग्डालेनाच्या ल्युथरन चर्चमध्ये मी तेच केलं. आपल्या वाड्यांत भार खांब-तुळयांवर असतो, भिंत नुसती भरलेली. इथे भिंतच भार पेलते. तासलेले ओंडके आडवे, एकावर एक रचायचे आणि कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवायचे. वरचं वजन वाढेल तसा सांधा आणखी आवळतो.

उत्तरेकडच्या या बांधणीत मधल्या फटींत शेवाळ ठासतात, वारा शिरू नये म्हणून. लाकूड वाळलं की अख्खी भिंत थोडी खाली बसते. त्यामुळे जाणता सुतार खिडकी-दाराच्या चौकटीवर मुद्दाम फट सोडतो; नाही सोडली तर भिंतीचा भार चौकटीवर येतो आणि दार अडकायला लागतं. कुजणं सुरू होतं ते बहुधा तळाच्या ओंडक्यापासून, कारण जमिनीची ओल आधी त्याला लागते. पण भिंत टेकूंवर उचलून तेवढाच ओंडका बदलता येतो. लाकूड टिकत नाही म्हणणाऱ्यांनी ही सोय लक्षात घ्यावी.

चर्च १६४४ चं. एस्टोनियात इतक्या जुन्या लाकडी इमारती फारच थोड्या. मनोरा मागाहून, १७५५ मध्ये चढवला. रीगाच्या आखातातलं हे बेट जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं. तेव्हा इथली माणसं स्वीडिश बोलणारी. शेती करायची, सीलची शिकार करायची. १९१२ मध्ये त्यांनी अगदी लगत दगडी चर्च बांधलं, तरी जुनं पाडलं नाही. एवढ्याशा वस्तीला दोन चर्चं कशाला, असं कुणीतरी म्हणालंच असेल! न पाडण्याचा तो निर्णय मला बांधण्याइतकाच मोलाचा वाटतो.

पुढे १९४४ च्या ऑगस्टमध्ये, सोव्हिएत फौजा येण्याआधी, जवळजवळ सगळं गाव बोटींनी स्वीडनला निघून गेलं. मागे दोनच कुटुंबं राहिली. नंतर एस्टोनियातल्या इतर भागांतून लोक येऊन वसले. लाकडी इमारतीचं छप्पर काही वर्षं गळू दिलं की ती संपते. ही उभी आहे, म्हणजे छपराकडे कुणी ना कुणी बघत आलंय.

जायचं असेल तर उन्हाळा गाठा; तेव्हा पार्नू शहरातून आणि सारेमा बेटावरून बोटी सुटतात. हिवाळ्यात छोटं विमान असतं, तेही हवेने परवानगी दिली तर.