आधी एक रुपया

देवळाली प्रवरेत चहाच्या टपरीवर एका पोराने दहा रुपये फोनवरून दिले. शर्टाच्या खिशातून पन्नासची नोट चांगली डोकावत होती. न राहवून विचारलं, तर म्हणाला, "नोट मोडली की संपते, काका."

हे फोनवरून पैसे देणं शिकता कुठे, असं विचारल्यावर त्याने बाजारातलं मोबाईलचं दुकान दाखवलं. टपरीएवढीच जागा. रिचार्ज, कव्हर, दुरुस्ती आणि अंगठा लावून पैसे. सोल्डरिंगच्या राळेचा वास असा भरलेला की घरी आलो तरी सदऱ्याला होता. दुकानदार चोविशीचा. मी दोन दिवस त्याच्या स्टुलावर बसून काढले.

फोनवर बँक चालू करायची रीत ठरलेली: बँकेत नोंदलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं, मग एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे किंवा आधारचा ओटीपी. सिमला रिचार्ज नसेल तर मेसेजच जात नाही, आणि निम्म्यांची गाडी तिथेच अडते. एवढं झालं की दुकानदार स्वतःच्या खात्यातून समोरच्याला एक रुपया पाठवतो.

"आला? पिन मागितला का?"

"नाही."

"आता मला परत पाठव. मागितला ना? पैसे यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे चाललेत."

फसवणूक झाली तर १९३० ला फोन करा, हे तो नंतर सांगतो. आधी एक रुपया. बँकांच्या मोठमोठ्या फलकांवर 'सोपे, सुरक्षित' लिहिलेलं असतं. ते वाचून इथे आलेला एकही जण मला भेटला नाही.

मग का येतात? एकोणीस वर्षांची एक मुलगी आजीला घेऊन आली होती. तिचं खातं उघडलं ते शिष्यवृत्तीसाठी, कारण महाडीबीटीची रक्कम आधार जोडलेल्या खात्यातच पडते. दोन वर्षं ते पासबुकातच राहिलं. "कॅन्टीनला सगळ्या लगेच वाटून पैसे टाकायच्या, मीच तेवढी 'उद्या देते' म्हणायचे. लाज वाटायची." बस, एवढंच कारण. दुसरं कारण आईचं. लाडकी बहीणचे दीड हजार आले का, हे बघायला बँकेत गेलं की आईचा खाडा पडतो.

तिसरं कारण शेजारी बसलं होतं. आजीचा अंगठा उठत नव्हता. जन्मभर कांदा आणि ऊस हाताळून रेषाच झिजल्यात. दुकानदाराने फडक्याने पुसला, खोबरेल लावलं, पुन्हा पुसला. यंत्र नाही म्हणालं ते नाहीच. हा अंगठा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ज्या घरात आजीचा अंगठा उठत नाही, त्या घरात नातीच्या हातातला फोन ही चैन कशी म्हणायची?

ही पोरं नोटबंदीच्या वेळी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, शाळकरी होती. यूपीआय त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलं, पण त्यांच्या आठवणीत आहे ती आजोबांबरोबरची रांग. पैसा म्हणजे रांग, हे ज्याने लहानपणी पाहिलं, त्याला दुसरं काही पटवावं लागत नाही.

पटवावं लागतं ते म्हाताऱ्यांना. "फोन बंद पडला तर?" एका नानांनी विचारलं. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "बँकपण बंद पडतीच की, नाना." नाना गप्प झाले. नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, हे या जिल्ह्यात कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. तरी नानांचा प्रश्न खोटा नाही. माझेच दोन हजार एकदा चार दिवस मधल्या मधे लटकले होते, आणि तेव्हा तक्रार ऐकायला समोर माणूस नव्हता. इथे निदान स्टूल आहे, आणि उद्याही याच जागी बसणारा हा पोरगा.

टपरीवरच्या पोराचं म्हणणं मात्र मला पुरतं पटलेलं नाही. फोनमधला पैसाही संपतो, फक्त आवाज न करता. महिन्याच्या वीस तारखेला त्याच्या खात्यात किती असतात, हे विचारल्यावर तो नुसता हसला.

संध्याकाळी नातीने आजीचंही खातं आपल्या जुन्या फोनवर चालू केलं, सिम आजीचंच. दुकानदाराने रिवाजाप्रमाणे एक रुपया पाठवला, आला, आणि परत पाठवायला सांगितलं.

"आलेला पैसा कुणी परत करतं का रे?" म्हणत आजीने फोन पिशवीत टाकला आणि ती पायऱ्या उतरली.