विजेची नाडी

जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड वितळवून सळया घडविणारे अनेक कारखाने आहेत. तेथील भट्ट्या विजेवर चालतात. ही वीज एकाच केंद्रातून येत नाही. देशातील शेकडो विद्युत्केंद्रे तारांनी परस्परांना जोडलेली असून, ३१ डिसेंबर २०१३ पासून सारा भारत एकाच विद्युत्जालाने बांधला गेला आहे.

या जालातील सर्व जनित्रांना एकाच तालात चालावे लागते. नांगराला चार बैलजोड्या जुंपल्या, तर त्यांची चाल एक असावी लागते. एखादी जोडी किंचित पुढे राहिली, तर तिच्यावर ओझे अधिक पडते; अंतर फार वाढले, तर दोरच तुटतो. विजेचेही तसेच आहे. ताल बिघडला, की एकामागून एक तारमार्ग बंद पडतात. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारतात असाच अनर्थ ओढवला. दुसऱ्या दिवशी तर सुमारे ६० कोटी लोकवस्तीच्या प्रदेशातील वीज गेली. आगगाड्या जागीच थांबल्या, कोळशाच्या खाणींत कामगार अडकून पडले.

अशा संकटाची चाहूल आधी कशी लागावी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात डॉ. अरुण फडके यांचा मोठा वाटा आहे. १९३८ साली ग्वाल्हेर येथे जन्मलेल्या फडक्यांनी खरगपूरच्या तंत्रविद्या संस्थेत शिक्षण घेतले आणि पुढील अध्ययनासाठी ते अमेरिकेस गेले. तेथील एका वीज कंपनीत ते तारमार्गांच्या संरक्षणाचे काम करीत होते. त्या काळचे संगणक मंदगतीचे होते. म्हणून त्यांनी थोडक्या आकडेमोडीची एक नवी रीत योजली. त्या रीतीने विजेच्या लहरीची नेमकी स्थितीही कळू लागली. मूळ कामातून सहज हाती आलेल्या या लाभाचे मोल त्यांनी ओळखले.

तथापि एक अडचण होती. आपल्याकडे विजेची लहर एका सेकंदात ५० आवर्तने करते. म्हणजे तिचा एक अंश सेकंदाच्या अठराहजाराव्या भागात सरतो. दूरदूरच्या ठिकाणांची तुलना करावयाची, तर तेथील घड्याळांत एवढाही फरक चालणार नाही! कृत्रिम उपग्रहांकडून मिळणाऱ्या अचूक वेळेने ही अडचण दूर केली. १९८८ साली फडके व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात असे मापनयंत्र सिद्ध केले. या कार्याबद्दल २००८ साली फडके व जेम्स थॉर्प यांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले.

आज भारतासह अनेक देशांत ही यंत्रे दर सेकंदाला अनेकवार विजेची नाडी पाहतात. ढग आला की सूर्याची वीज घटते, वारा पडला की पवनचक्की मंदावते. अशा चंचल शक्तींना एका जुवाखाली आणावयाचे, तर ही दक्षता अधिकच हवी. दिवा लागताच आपण दिव्याकडे पाहतो. त्यामागे अहोरात्र चाललेला हा पहारा मात्र आपल्या दृष्टीस पडत नाही.