विश्लेषण : धावण्याच्या सरावासाठी स्पोर्ट्स वॉच घ्यावे, की स्मार्टवॉच पुरेसे?

वसई-विरार महापालिकेच्या वतीने २०११पासून होणारी मॅरेथॉन साधारणपणे डिसेंबरमध्ये असते. पावसाळा सरला की तिच्या सरावाचे दिवस सुरू होतात. राजोडी, कळंब, अर्नाळा या किनारपट्टीतले रस्ते पहाटे मोकळे असतात, त्यामुळे लांब पल्ल्याच्या सरावाला ते सोयीचे. पहिल्यांदाच अर्ध मॅरेथॉनला नाव नोंदवणाऱ्याची खरेदी बुटांपासून सुरू होते आणि घड्याळापाशी अडते. दुकानात दोन हजारांचेही घड्याळ ‘जीपीएस’ आणि ‘हार्ट रेट’ दाखवते, पन्नास हजारांचेही तेच दाखवते. मग फरक कशाचा, आणि पैसे नेमके कशासाठी मोजायचे?

दोन्हींचा मूळ उद्देश काय?

स्पोर्ट्स वॉच हे खेळाडूच्या सरावाचे उपकरण म्हणून जन्माला आले. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२मध्ये हृदयाचे ठोके बिनतारी मोजून मनगटावर दाखवणारे यंत्र बाजारात आणले. गार्मिनची ‘फोररनर’ ही जीपीएस घड्याळांची मालिका २००३ची. फोनवरचे मेसेज दाखवणे ही सोय या घड्याळांत नंतर आली. स्मार्टवॉचचा प्रवास उलट दिशेने झाला. २०१५मध्ये विक्रीला आलेले ॲपल वॉच असो वा अँड्रॉइडवर चालणारी घड्याळे, त्यांची मूळ कल्पना मनगटावरचा छोटा फोन अशी होती. त्यांत व्यायामाची नोंद हे अनेक ॲपपैकी एक ॲप.

आज दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळ आल्या आहेत. २०२२मध्ये आलेल्या ॲपल वॉच अल्ट्रामध्ये व्यायामासाठी वेगळे बटण आणि मोठी बॅटरी आहे, तर काही स्पोर्ट्स वॉचवरून फोनही घेता येतो. तरीही रचना करताना आधी कशाचा विचार झाला, हे तीन ठिकाणी जाणवते : बटण, बॅटरी आणि नोंदींचा उपयोग.

बटण असले काय, नसले काय?

किनाऱ्यालगतच्या दमट हवेत अर्ध्या तासाच्या धावण्यात मनगट घामाने निथळते. टचस्क्रीन बोटाच्या विद्युत गुणधर्मावर चालते. काचेवर घाम किंवा पाणी असले की तिची गफलत होते. थांबवायला गेलेले बोट लागत नाही, किंवा ओल्या बाहीने सराव आपोआप थांबतो. चारशे मीटरचे दहा वेगवान टप्पे करणाऱ्याला प्रत्येक टप्प्याची सुरुवात आणि शेवट नोंदवायचा असतो. तिथे न बघता दाबता येणारे बटण लागते. बहुतेक स्पोर्ट्स वॉचना चार-पाच बटणे असतात, ती याचसाठी. रोज पाच किलोमीटर एकसारखे धावणाऱ्याला मात्र सुरुवात आणि शेवट एवढेच करायचे असते. त्याचे टचस्क्रीनवर फारसे अडत नाही.

बॅटरीचा हिशेब कसा करावा?

जाहिरातीतले ‘सात दिवस’, ‘चौदा दिवस’ हे आकडे जीपीएस बंद असतानाचे असतात. धावणाऱ्याने बघायचा तो आकडा जीपीएस चालू असतानाचा. उदाहरणार्थ, गार्मिनच्या फोररनर ५५ या सुरुवातीच्या मॉडेलसाठी कंपनी जीपीएससह २० तास आणि एरवी दोन आठवडे सांगते. नेहमीच्या स्मार्टवॉचमध्ये जीपीएससह सहा-सात तास मिळतात आणि एरवी एक-दोन दिवस.

पाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याला कागदावर दोन्ही चालतील. पण बॅटरी दोन-तीन वर्षांनी क्षीण होते, त्यात घड्याळ रात्रभर झोपेची नोंद घेत असेल तर पहाटे निघताना ते पूर्ण भरलेले नसते. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्ससारख्या स्पर्धेत धावपटूला बारा तासांची मुदत असते. तिथे सहा तासांचे घड्याळ अर्ध्या वाटेतच बंद पडणार. म्हणूनच आपला सर्वांत लांब सराव किती तासांचा, हे आधी ठरवावे आणि त्याच्या दुप्पट जीपीएस वेळ देणारे घड्याळ घ्यावे.

घड्याळातले अंतर आणि स्पर्धेचे अंतर वेगळे का येते?

अर्ध मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. अनेकांच्या घड्याळात मात्र ती २१.३ किंवा २१.४ भरते आणि आयोजकांनी मार्ग चुकीचा मोजला, अशी तक्रार सुरू होते. प्रत्यक्षात प्रमाणित मार्ग सायकलला विशेष गणक लावून, वळणांच्या आतल्या बाजूने म्हणजे कमीत कमी अंतराच्या रेषेवर मोजला जातो. शिवाय मार्ग तोकडा पडू नये म्हणून त्यात हजारात एक इतके अंतर मुद्दाम जास्त धरतात. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे सुमारे ४२ मीटर होतात. गर्दीतून वाट काढत, वळणांच्या बाहेरून धावणारा त्याहून बरेच जास्त धावतो. त्यात जीपीएसची चूक मिसळते. मोकळ्या आकाशाखाली ती काही मीटरचीच असते. विरारच्या उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो, तेव्हा ती वाढते. किनाऱ्यावरच्या दाट सुरूंखालीही सिग्नल क्षीण होऊ शकतो.

याचा परिणाम थेट निकालावर होतो. दोन तासांत अर्ध मॅरेथॉन पूर्ण करायची तर किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद हा वेग लागतो. पण घड्याळात अंतर २१.३५ भरणार असेल, तर पडद्यावर ५ मिनिटे ३७ सेकंद दिसत राहिले पाहिजेत. ५:४१ बघून निश्चिंत धावणारा अंतिम रेषेवर सव्वा मिनिटाहून जास्त मागे पडतो. अनेक स्पोर्ट्स वॉचमध्ये प्रत्येक किलोमीटरच्या फलकापाशी बटण दाबून टप्पा नोंदवता येतो, त्यामुळे ही चूक तिथल्या तिथे कळते.

महागड्या घड्याळांत दोन वारंवारितांवर सिग्नल घेण्याची सोय असते. इमारतींच्या गर्दीत तिचा उपयोग होतो. राजोडीसारख्या मोकळ्या किनाऱ्यावर मात्र साधे जीपीएसही पुरते. स्वस्त घड्याळांत वेगळीच मेख असते. ‘जीपीएस’ लिहिलेले असले तरी घड्याळात स्वतःचा जीपीएस नसतो, ते खिशातल्या फोनचा वापरते. फोन घरी ठेवला तर ते हाताच्या हालचालीवरून अंतराचा अंदाज बांधते.

हृदयगतीच्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा?

वाळूत धावणाऱ्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा. भुसभुशीत वाळूत तेवढ्याच मेहनतीत वेग बराच कमी येतो, त्यामुळे डांबरी रस्त्यावरचा वेग तिथे मापदंड ठरत नाही. सराव हलका झाला की जड, हे हृदयाच्या ठोक्यांवरून ओळखावे लागते. मनगटी घड्याळ, मग ते कोणत्याही प्रकारचे असो, त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्तप्रवाहातले बदल टिपते. घड्याळ सैल असले किंवा हात जोरात हलत असला की ते फसते. काही वेळा पावलांची लयच ठोके म्हणून मोजली जाते. मिनिटाला १७० पावले टाकणाऱ्याला हलक्या धावण्यातही ठोके १७० दिसू लागतात. घड्याळावर विसंबणारा मग उगाच वेग कमी करतो, किंवा उलट चूक झाली तर गरजेपेक्षा जास्त ताणतो.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो, त्यामुळे वेगवान सरावात तो अधिक विश्वासार्ह ठरतो. त्याची किंमत नव्या घड्याळापेक्षा बरीच कमी असते. तो बहुतेक स्पोर्ट्स वॉचना आणि ब्लूटूथवरून अनेक चांगल्या स्मार्टवॉचनाही जोडता येतो. घड्याळ बदलण्याआधी पट्टा घेऊन बघणे हा शहाणपणाचा पर्याय आहे.

‘२२० वजा वय’ हे कमाल ठोक्यांचे सूत्रही ढोबळ आहे. ४५ वर्षांच्या व्यक्तीला ते १७५ सांगते, प्रत्यक्षात त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. घड्याळातले सरावाचे पट्टे याच सूत्रावर बेतलेले असतील तर ते स्वतःच्या अनुभवाने दुरुस्त करावेत. आणि छातीत दुखणे, चक्कर, अनपेक्षित धाप ही लक्षणे असतील तर घड्याळ ‘सर्व ठीक’ दाखवत असले तरी थांबून डॉक्टरांकडे जावे. सुई न टोचता रक्तातली साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांपासून तर दूरच राहावे. असे एकही घड्याळ मान्यताप्राप्त नसल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये दिला होता.

मग स्मार्टवॉच कुठे सरस?

धावणे दिवसातला एक तास असते, उरलेला दिवस नोकरीचा. विरारहून चर्चगेट गाठणाऱ्याचा फोन गर्दीच्या लोकलमध्ये बॅगेत असतो. अशा वेळी मनगटावर मेसेज वाचणे, फोन घेणे, उत्तर पाठवणे हे स्मार्टवॉच उत्तम करते. स्पोर्ट्स वॉच मेसेज दाखवते, पण उत्तराची सोय तोकडी असते. गार्मिनच्या घड्याळांवरून आयफोनवरच्या मेसेजना उत्तर देता येत नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. अंधारात एकट्याने धावणाऱ्यांसाठी तो कळीचा आहे. अनेक स्पोर्ट्स वॉच पडल्याचे ओळखून घरच्यांना निरोप पाठवतात, पण त्यासाठी फोन जवळ लागतो. स्वतःचे मोबाइल कनेक्शन असलेले स्मार्टवॉच फोन घरी असतानाही ११२ला किंवा घरी थेट फोन लावू शकते. फोन घेऊन धावायचे नसेल आणि सोबत कोणी नसेल, तर ही एक सोय बाकी सर्व वैशिष्ट्यांवर मात करते.

कोणी काय निवडावे?

आठवड्यातून तीन-चार दिवस तासाभराचा व्यायाम, दहा किलोमीटरपर्यंतच्या स्पर्धा आणि दिवसभर फोनशी जोडलेले काम असेल, तर स्वतःचा जीपीएस असलेले स्मार्टवॉच पुरेसे आहे. आधीच असे घड्याळ असेल तर पहिल्या अर्ध मॅरेथॉनसाठी नवे घेण्याची गरज नाही. आराखड्यानुसार टप्प्यांचा सराव, पूर्ण मॅरेथॉन किंवा त्याहून लांब पल्ला असेल, तर स्पोर्ट्स वॉच उपयोगी पडते. गोव्यात २०१९पासून होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३मध्ये १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे सलग असते. तशा स्पर्धेच्या तयारीत तर त्याचे मोल अधिकच. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये धावण्यासाठी लागणारे जवळपास सर्व काही असते. नकाशे, टायटॅनियमची चौकट यांसाठी जादा पैसे मोजण्याआधी त्यांचा वापर खरोखर होणार का, हे स्वतःला विचारावे.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

● फोन कोणता? ॲपल वॉच आयफोनशिवाय चालत नाही आणि सॅमसंगची नवी घड्याळे आयफोनला जोडता येत नाहीत. स्पोर्ट्स वॉच सहसा दोन्हीकडे चालतात.

● जीपीएस घड्याळातच आहे का? परत करण्याची मुदत संपण्याआधी फोन घरी ठेवून एकदा धावून बघावे. मार्गाची रेषा नकाशावर दिसली नाही, तर जीपीएस घड्याळात नाही.

● छातीचा पट्टा जोडता येतो का?

● नोंदी बाहेर काढून दुसऱ्या ॲपमध्ये नेता येतात का? पुढे घड्याळ बदलले तर वर्षांची मेहनत अडकून पडू नये.

● पट्टा, चार्जर आणि दुरुस्ती जवळपास मिळते का? खाऱ्या हवेत आणि घामात चार्जिंगच्या टोकांना गंज चढतो, म्हणून किनाऱ्यावरून आल्यावर पाणीरोधक घड्याळ गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, मगच चार्जिंगला लावावे.